येळवशीचा बाजार

कस्तुरा गेली हे मला कळलं तेव्हा मी बाजारात सकिनाबी बागवानणीशी भांडत होतो. भांडण आंबटचुक्यावरून होतं. येळवस दुसऱ्या दिवशी होती. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात सगळं गाव रानात जाऊन जेवतं, तिला येळवस म्हणतात. कडब्याची खोपटासारखी कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, त्या दिवसांत रानात जे जे हिरवं असेल ते एका भांड्यात शिजवून भज्जी करायची, आणि ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील पिकावर शिंपडायची. आमचं रान बेंबळीला आहे, दोघा भावांचं सामाईक. धाकटा बब्रुवान ते कसतो, मी उस्मानाबादेत जकातीच्या नाक्यावर नोकरी करतो. माझी बायको कस्तुरा तयारीसाठी आधीच बेंबळीला गेली होती. जाताना म्हणाली होती, मी बाजार आणि बिंदगी घेऊन यायचं. बिंदगी म्हणजे आंबिलीची तांब्याची घागर, तिच्या माहेरची, सास्तूरची. तिनं ती चिंचेनं घासून फळीवर उपडी ठेवली होती. बाजार तिनं तोंडी सांगितला होता आणि शेवटी म्हणाली होती, "आंबटचुका भरपूर आणा." तो कशाला, हे मी विचारलं नव्हतं. सकिनाबीनं माझ्या पिशवीत गाजरं टाकली, वालाच्या शेंगा टाकल्या, कांद्याची पात टाकली आणि मग आंबटचुक्याच्या पेंढ्यांवर पेंढ्या टाकायला लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "एवढा कशाला? आमच्या भज्जीत आंबटचुका नसतो." ती हसायला लागली. आजूबाजूच्या बायाही हसल्या. "सुनो गे, नाकेदाराच्या भज्जीत चुका नसतो म्हणं!" सकिनाबी म्हणाली, "अवो नाकेदार, तुमच्या बाईनं तुमाला..." आणि तिचं बोलणं तिथंच थांबलं, कारण माझ्या पाठीमागं बब्रुवान येऊन उभा राहिला होता आणि त्याच्या डोक्याला पटका नव्हता.

मी त्याला म्हटलं, "तू हितं कसा?" सकिनाबीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. ते मला अजून खुपतं. माझ्या बायकोचं मरण माझ्याआधी बागवानणीला कळलं. बब्रुवान म्हणाला, "दादा, नाक्यावर चला. गाडी हाय." मी म्हटलं, "कसली गाडी?" तो म्हणाला, "वैनी हायती गाडीत." मग मी चालायला लागलो. सकिनाबी मागनं आली आणि पिशवी पुन्हा माझ्या हातात दिली, ती का दिली देव जाणे. कडबा ओढताना कस्तुराला नाग चावला होता. कोपीसाठी गंजीतला कडबा ओढत होती. मोटार निघून गेली होती म्हणून बैलगाडी जुंपली, आणि वाटेतल्या रुईभरच्या अलीकडंच तिनं मान टाकली. बब्रुवान म्हणाला, तरी दवाखान्यात दाखवू म्हणून हाकत राहिलो. हे सगळं तो चालता चालता सांगत होता आणि माझं ध्यान पिशवीच्या वजनाकडं होतं. एवढा आंबटचुका सकिनाबीनं टाकलाच, असं मला वाटत होतं.

नाक्यावरचा आडवा बांबू खाली होता आणि गाडी बांबूच्या पलीकडं उभी होती. माझ्या जागी त्या दिवशी गोरोबा होता. त्याला मीच शिकवलं होतं. निजामाच्या वेळी मी करोडगिरीच्या, म्हणजे निजामी जकातीच्या, नाक्यावर जवान होतो. राज्य गेलं, करोडगिरी गेली, पाटीवरची उर्दू पुसून मराठी आली, मी नाक्यावरच राहिलो. मी गोरोबाला सांगितलं होतं, गाडी कुणाचीही असो, आधी विचारायचं, मग बांबू उचलायचा. त्यानं विचारलं होतं, "गाडीत काय माल हाय?" बब्रुवान म्हणाला, "वैनी हायती." गोरोबाला समजलं तेव्हा तो बांबू उचलायचा विसरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी गेलो तेव्हाही तसाच उभा होता. बांबू मीच उचलला. गाडीत बब्रुवानची बायको कडूबाई बसली होती, तिच्या मांडीवर कस्तुराचं डोकं होतं. कस्तुराच्या पदराच्या ओट्यात हरभऱ्याचे शेंडे होते. पहाटे भज्जीसाठी खुडून तिनं पदर कमरेला खोचला होता आणि मग कडब्याकडं वळली होती. हरभऱ्याची आंब लुगड्यातून झिरपून डाग पडले होते. तो वास गाडीभर होता. नाक्यावर पोत्यांतून तो वास मी आयुष्यभर घेतला आहे, पण त्या दिवशी मला वाटलं, हा माल उघडून बघायचा माझा अधिकार नाही. कडूबाईनं माझ्यादेखत तो पदर सोडला आणि सगळी भाजी रस्त्यावर झटकली. एक शेळी आली आणि खायला लागली. मी म्हटलं, "का टाकलीस?" ती म्हणाली, "दादा, मरणाची भाजी हाय ती. घरात न्यायची नसती." खरं असेल. मला ते खोटं ठरवायचंही नाही. पण त्या दिवसापासून मला कडूबाई सहन होत नाही.

सुतकात आम्ही बेंबळीला होतो. त्या साली आमच्या भावकीत येळवस झाली नाही. बाकी सगळा गाव रानात गेला आणि आम्ही भिंतीला पाठी लावून बसलो. रीत म्हणून कडूबाईनं घरातलं मातीचं सगळं फोडलं. पाण्याचे माठ, दह्याचं गाडगं, आंबिलीसाठी ताक साठवलेलं मडकं. कस्तुरानं ते ताक दोन दिवस जपलं होतं. ते अंगणातून वाहत गोठ्याकडं गेलं. शेजारपाजारच्या बाया भाकरी-पिठलं आणायच्या. मरणाच्या घरी लोक जेवण आणतात, त्याला लोक माया म्हणतात. मला तसं वाटलं नाही. प्रत्येकीच्या भाकरीला तिच्या तिच्या चुलीचा वास होता, प्रत्येकीचं मीठ निराळं होतं, आणि प्रत्येक जण मी किती खातो ते बघत बसायचा. जास्त खाल्लं तर दुःख कमी, कमी खाल्लं तर नाटक. मी ताटाकडं बघून जेवायचो आणि उठायचो. उस्मानाबादेला परत आलो तर नाक्याच्या आत खिळ्याला माझी पिशवी तशीच होती. गोरोबाला ती टाकायचं धाडस झालं नव्हतं. पिशवीच्या तळातून काळं पाणी गळून भिंतीवर ओघळ आला होता. गाजरं तेवढी ओळखू येत होती. गोरोबा म्हणाला, "टाकू का, नाकेदार?" मी म्हटलं, "हात लावू नको." मी ती स्वतः उकिरड्यावर रिकामी केली, पिशवी धुतली आणि वाळत घातली. चांगली जाड पिशवी होती, तीच अजून वापरतो.

त्यानंतर मी स्वतः रांधायला लागलो. खानावळीत एकदा गेलो आणि शेजारचा माणूस ताट चाटताना बघून परत गेलो नाही. नाक्यावर राहून मला एक ठाऊक होतं, कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेनं काय येतं. अंबाडी कधी, घोळ कधी, येडशीच्या रानातली करवंदं कधी, कैरीच्या पहिल्या पाट्या कधी. पोत्यात सळई खुपसली की मला कळायचं, वर कांदा आहे आणि खाली लसूण दडवला आहे. पण अंबाडी चुलीवर गेल्यावर तिचं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी ती कण्या न घालता शिजवली, आणि ती तोंडात घालवेना. सगळ्यात वाईट म्हणजे सकाळ. डोळे उघडले की पहिला विचार, आज काय करायचं. कालची भाकरी आहे का, डाळ आहे का, भाजी काय मिळेल, ती टिकेल का, उद्या काय. हा विचार एकदा सुरू झाला की दिवसभर संपत नाही. जेवून हात धुतला की पुन्हा सुरू. कस्तुरा रोज सकाळी मला विचारायची, "आज काय करू?" आणि मी म्हणायचो, "कर काहीतरी." ती हा विचार रोज वाहत होती आणि मला त्यातलं काही सांगत नव्हती. मला तिचाच राग आला. दोन माणसांच्या घरात एकानं सगळं डोक्यात ठेवायचं आणि मग ते डोकं घेऊन निघून जायचं, याला काय म्हणावं? फळीवरचे डबे उघडत मी तिच्याशी भांडायचो. एका डब्यात कारळं, एका डब्यात जवस, एकात काहीतरी काळं पूड केलेलं, ज्याचं नाव मला येत नव्हतं. एकावरही खूण नव्हती. तिला खुणेची गरज नव्हती.

बाजारात गेलं की बायांना माझी मजा वाटायची. वर्षानुवर्षं मी त्यांच्या गाड्या अडवल्या, पाट्या उपसायला लावल्या. आता मी त्यांच्या पुढं उकिडवा बसून वांगी चाचपायचो. "सळई आणलीय का, नाकेदार? भोपळ्यात खुपसून बघा, आत लसूण असंल!" एक म्हणायची. दुसरी म्हणायची, "किडकं वांगं वळखंना, आन् आमची पोती वळखत हुता." मी त्यांच्याकडून घ्यायचो, पण सकिनाबीकडं कधी गेलो नाही. ती लांबून बघायची. मी तोंड फिरवून पुढं जायचो. माझ्या हातातली पिशवी तिनं कशी काढून घेतली ते मला दिसायचं, आणि मग माझे हात जड व्हायचे.

सुगी उरकली तेव्हा बेंबळीला गेलो होतो. मी आलो म्हणून कडूबाईनं उरल्यासुरल्या भाज्या घालून भज्जीसारखं कालवण केलं. पहिला घास घेतला आणि दात आंबले. भांड्यात आंबटचुका होता, वर चिंचही असावी. मला लहानपणापासून आंबट सोसत नाही, छातीत जळजळतं. लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला कस्तुरानं आंबट भज्जी केली होती तेव्हा मी पत्रावळ पुढं सरकवली होती आणि काही बोललो नव्हतो. बोलायची गरज पडली नाही. त्यानंतर आमच्या घरची भज्जी कधी आंबट झाली नाही. गोडसर, दाट, तुरीच्या कोवळ्या दाण्यांची, वालाची, गाजराची. तशी भज्जी मी कुठं खाल्ली नाही. म्हणून मी कडूबाईला म्हटलं, "ही आमच्या घरची भज्जी न्हाय." ती तवा उतरवत होती. तिनं बब्रुवानकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि मग म्हणाली, "बरं." एवढंच. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, हिला येत नाही. कस्तुराबरोबर ती भज्जी गेली, हिच्या हातात ती कधीच येणार नाही. वर्षभर या विचारानं मला आधार दिला. दुसऱ्या कशानं दिला नाही.

मग पुन्हा मार्गशीर्ष आला. नाक्यावर हिरव्या पाट्या यायला लागल्या. हरभऱ्याचा वास आला की मी गोरोबाला पुढं पाठवायचो. एका दुपारी बब्रुवान नाक्यावर आला आणि बाकड्यावर बसला. बराच वेळ बैलांचं, थंडीचं बोलला. मग म्हणाला, "दादा, अवंदा येळवस करावी लागतीय. रान एक साल उपाशी ऱ्हायलंय."

मी म्हटलं, "कर की. मी कुठं धरलंय?"

"तसं न्हाय. आंबील थोरल्या घरची बाई डोक्यावर घेती. आता वैनी न्हाईत तर..." तो थांबला. "तर कडू घील. बिंदगी तुमच्याकडं हाय. तिनं मागितलीय."

"ती बिंदगी सास्तूरची हाय. कस्तुराच्या आईनं दिल्याली."

"आमी कुठं आमची म्हणतोय? एक दिसासाठी."

"न्हाय."

"मग मातीच्या मडक्यात न्यायची व्हय? भावकी काय म्हनंल?"

"भावकीला म्हणावं, माझ्याकडं ये." मी उठून उभा राहिलो. "आन् दुसरं ऐक. बाजार मी करणार. भज्जी मी करणार. कडूबाईनं भांड्याला हात लावायचा न्हाय. मला ठाऊक हाय आमची भज्जी कशी असती. तिला ठाऊक न्हाय."

बब्रुवान हसला नाही. तो म्हणाला, "गडीमाणसानं कोपीत भज्जी ढवळायची? लोक दात काढतील, दादा."

"काढू दे. सालभर काढतायतच."

"तुमाला त्या बिचारीचा एवढा राग का येतोय?" त्यानं विचारलं. "वैनीला गाडीत मांडीवर धरून तीच बसली हुती. तुमी न्हवता."

मी त्याला जायला सांगितलं. बांबूपाशी एक गाडी उभी होती, तिच्यातल्या पोत्यात मी सळई अशी खुपसली की पोतं फाटलं. आत गाजरं होती. गाडीवाला माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, "काय बघतोस? हाक."

बाजाराच्या दिवशी मी पिशवी घेऊन निघालो तेव्हा मला फक्त एक माहीत होतं: मला कस्तुराचाच बाजार करायचा होता. ती जे घ्यायची तेच, जिथून घ्यायची तिथूनच. म्हणून सकिनाबीकडं जावं लागलं. ती गोणपाटावर बसली होती, पुढं ढीग, डोक्यावरून ओढणी घट्ट. मला बघून तिनं तराजू खाली ठेवला.

"आलेत का, नाकेदार? सालभर आमच्या वाटेला न्हाय आले. कायकू? मैंने क्या किया?"

मी म्हटलं, "येळवशीचा बाजार पायजे. आमची बाई न्यायची तो."

"तुमच्या बाईचा?" ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिचे हात चालायला लागले. ढिगांकडं न बघता ती उचलत होती. वालाच्या शेंगा, त्यातल्याही कोवळ्या निवडून. पात, मुळाशी पांढरी जाड असलेली. मेथी थोडी. गाजरं बारीक, "बाई म्हणायची, मोठं गाजर भज्जीत लाकूड होतं." तुरीच्या शेंगा. एक पेरू, अर्धा कच्चा. मला ठाऊक नव्हतं की भज्जीत पेरू असतो. आणि मग तिनं आंबटचुक्याच्या पेंढ्या उचलल्या.

मी म्हटलं, "तो नको."

"चुक्याबिगर कशी होईल भज्जी?"

"आमच्या भज्जीत नसतो. मागल्या वर्षी सांगितलं हुतं तुला."

तिनं पेंढी हातात तशीच धरली. आजूबाजूच्या बाया ऐकत होत्या. या वेळी कुणी हसलं नाही, आणि त्यामुळं मला जास्त राग आला. सकिनाबी म्हणाली, "मागल्या साली मी बोलत होते, तवा तुमचा भाऊ आला. आता ऐका. हर साल बाई माझ्याकडनं सगळ्यात जास्ती चुका न्यायची. म्हणायची, सकिना, आमचे मालक आंबट खात न्हायत. भांड्यात चुका घालायच्या आधी त्यांच्यापुरती भज्जी वाटीत काढून ठेवते, मग चुका घालते. भावकीतली एवढी माणसं जेवायला, सगळ्यांचं तोंड कायकू अळणी करू?"

मी म्हटलं, "खोटं."

"अल्ला की कसम. सगळ्या भावकीला ठाऊक. तुमची भावजय बी सोबत असायची, तीच चुका खुडायला बसायची. बाई हसायची लई. म्हणायची, मालकांना वाटतंय मी सगळ्या घराला त्यांची चव लावली."

मी पिशवीचे बंद धरून उभा होतो. सकिनाबी थांबली नाही. बायकांना कुठं थांबावं हे कळत नाही, किंवा कळतं आणि त्या थांबत नाहीत. ती म्हणाली, "आन् स्वतः? हितं उभी राहून कच्चा खायची. असं पान तोडायची, तोंडात टाकायची, डोळे मिटायची. मी म्हणायची, बाई, दात पडतील. ती म्हणायची, घरात कुठं मिळतंय गं, हितंच खाऊ दे." तिनं पेंढी माझ्या पिशवीत टाकली. मी काढली नाही. तिनं अजून टाकल्या. मी त्याही काढल्या नाहीत.

घरी जाताना मी रस्त्याच्या कडेनं चाललो. कुणी हाक मारू नये असं वाटत होतं. कोपीतली जेवणं एकामागून एक आठवत होती आणि प्रत्येक जेवण आता वेगळं दिसत होतं. कस्तुरा मला सगळ्यांच्या आधी वाढायची, स्वतः उठून, लहान वाटीतून. मोठ्या भांड्याला पळी लागायच्या आधी माझी पत्रावळ भरलेली असायची. मला वाटायचं तो मान आहे, मी थोरला आहे. मग मोठ्या भांड्यातून बाकीच्यांना वाढलं जायचं, आणि बब्रुवानची पोरं डोळे बारीक करून, जीभ टाळ्याला लावून टॉक टॉक आवाज करायची. सगळे हसायचे. मी विचारायचो, काय झालं? कस्तुरा म्हणायची, "काय न्हाय, तिखट लागलं पोरांना." म्हणजे त्या रानात, त्या एका कोपीत, एका पंगतीला बसून, मी एकटाच वेगळं जेवत होतो. आणि जी भज्जी आमच्या घरची म्हणून मी वर्षभर छातीशी धरून ठेवली, जिच्यासाठी कडूबाईला चुलीपासून लांब ठेवणार होतो, ती कुणाच्याच घरची नव्हती. ती अर्धी राहिलेली भज्जी होती. घरची भज्जी कडूबाईनं सुगीत मला वाढली होती आणि मी तिला सांगितलं होतं की ही आमची नव्हे.

लोक म्हणतील, केवढी माया. मला माया वाटली नाही. मला वाटलं, मला सांगितलं का नाही? लहान पोराला कडू औषध गुळात घालून देतात तसं मला वागवलं. तिनं भांडायला पाहिजे होतं. म्हणायला पाहिजे होतं, मला आंबट आवडतं, मी करणार. मी काय केलं असतं? पत्रावळ सरकवली असती, आणखी काय? एकदा सरकवली असती, दोनदा सरकवली असती. एवढ्यासाठी तिनं आयुष्यभर बाजारात उभं राहून कच्ची पानं खाल्ली? मी पिशवीतून एक पान तोडलं आणि तोंडात टाकलं. दात शिवशिवले, डोळ्यांत पाणी आलं. समोरून कुणी ओळखीचा येत होता, त्यानं तोंड वाईट केलं आणि बाजूला झाला. त्याला वाटलं मी रडतोय. मी रडत नव्हतो. मी थुंकलो आणि पुढं चाललो.

येळवशीला मी सकाळच्या मोटारीनं बेंबळीला गेलो. पिशवी घेतली. बिंदगी फळीवर होती. मी तिच्याकडं बघितलं आणि दार ओढून घेतलं. रानात कोप उभी होती, कडबा या वर्षी बब्रुवाननं काठीनं झोडून झोडून मग ओढला होता. कडूबाई तीन दगडांच्या चुलीपुढं बसली होती. मला बघून ती उठली आणि बाजूला झाली, चूल मोकळी करून. बब्रुवाननं तिला सांगितलं असणार, दादा करणार आहेत. भावकीतली माणसं माझ्याकडं बघत होती. मी पिशवी तिच्यापुढं ठेवली आणि जाऊन बांधावर बसलो, चुलीकडं पाठ करून. तिनं पिशवी उपडी केल्याचा आवाज आला. आंबटचुका बघून ती थोडा वेळ थांबली असावी, कारण आवाज थांबला. मग विळीचा आवाज सुरू झाला.

बब्रुवान माझ्याजवळ आला. "बिंदगी?"

"ऱ्हायली," मी म्हटलं.

कडूबाईनं आंबील मातीच्या मडक्यात भरली, डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर मडकं घेतलं. मडकं कुठंतरी चिरलेलं होतं. ती पिकाच्या कडेनं चालायला लागली तेव्हा आंबील तिच्या कानामागून मानेवर गळत होती, लुगड्यात उतरत होती. मागं बब्रुवान आणि पोरं आरोळ्या देत चालली होती. तिनं मान हलवली नाही, हातानं पुसलं नाही. डाव्या हातानं मडकं धरून उजव्या हातातल्या हरभऱ्याच्या डहाळीनं ती शिंपडत राहिली. हरभऱ्यावर शिंपडली, ज्वारीवर शिंपडली, करडईवर शिंपडली. गंजीच्या बाजूच्या तुकड्याकडं पोचायच्या आधी मडकं रिकामं झालं. तिनं ते उतरवून आत बघितलं आणि कुणालाही काही न सांगता परत फिरली. मी बांधावरून सगळं बघत होतो.

पंगत बसली. कडूबाई सगळ्यांच्या आधी माझ्यापुढं आली. तिच्या हातात लहान वाटी होती, काठापर्यंत भरलेली. तुरीचे दाणे, वाल, गाजर, दाट. ती खाली बघून म्हणाली, "दादा, ही तुमची. आंबट न्हाय. आक्काच काढायच्या बाजूला. सुगीत माझ्या ध्यानातनं गेलं, मला माफी असावी."

मी ती वाटी पुढं सरकवली. भावकीतल्या म्हाताऱ्यांना पहिली येळवस आठवली असेल तर आठवली असेल. मी म्हटलं, "ही नको. त्यातली वाढ."

"त्यात चुका हाय, दादा."

"ठाऊक हाय. मीच आणलाय. वाढ."

तिनं बब्रुवानकडं बघितलं नाही. मोठ्या भांड्यातली पळी भरून वाढली, आणि मी काही म्हणेना म्हणून अजून एक वाढली. मी भाकरी मोडली आणि खायला लागलो. दात आंबले, कानशिलांपर्यंत कळ गेली, छातीत जळजळायला लागलं. बब्रुवानचं धाकटं पोर माझ्या तोंडाकडं बघत होतं आणि त्याला हसू आवरत नव्हतं. "आबा, तिखट लागलं का?" त्यानं विचारलं, आणि बब्रुवाननं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी म्हटलं, "मारू नको. आंबट लागलं." मला ती भज्जी आवडली नाही. अजूनही आवडत नाही. पत्रावळीवर काही ठेवलं नाही. ती लहान वाटी शेवटपर्यंत तिथंच होती. नंतर पोरांना दिली, त्यांनी चाखली आणि अळणी आहे म्हणून सोडून दिली.

संध्याकाळी निघताना कडूबाई धुतलेली पिशवी घेऊन आली. तिच्या लुगड्याच्या खांद्यावर आंबील वाळून पांढरा डाग पडला होता. तिनं बिंदगीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. "येतो," म्हटलं आणि मोटारीकडं चालायला लागलो.

बिंदगी अजून माझ्या खोलीत फळीवर आहे, कस्तुरानं ठेवली तशीच उपडी. तांबं काळं पडलं आहे. ती घासायची आहे, आणि कडूबाईला नेऊन द्यायची राहिली आहे.